घरी स्पीकरचा बॉक्स बनवताय? या चुका टाळा, नाहीतर चांगला स्पीकर पण फाटकाच वाजणार

मागच्या श्रावणात आमच्या परभणीकडं एका गावात सप्ताह होता. मंडळाच्या पोरांनी दोन बॉक्स गावातच बनवून घेतलेले, बारा इंची स्पीकर, नवं मशीन (म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर), वर्गणीतून चांगला पैसा घातलेला. पण कीर्तनात पखवाज सुरू झाला की नुसतं टक टक ऐकू यायचं, धूम नावालाच नाही, आणि बुवांचा आवाज पोकळ. पोरं म्हणाली, दादा, स्पीकर डुप्लिकेट निघाला, आता नवीन घ्यायलाव. मी दोन्ही बॉक्सच्या मधोमध उभं राहून थोडं ऐकलं आणि एका बॉक्सच्या लाल-काळ्या वायरी उलट्या करून लावल्या. पखवाजाच्या डाव्या अंगाचा तो कणिक लावलेला घुमारा लगेच छातीवर आला, एक रुपया खर्च न होता.

असं मी लई वेळा बघितलंय. आवाज बिघडला की आपली माणसं स्पीकर बदलतात, मग मशीन बदलतात, बॉक्सकडं आणि वायरीकडं कुणी बघतच नाही. बॉक्स हा स्पीकरचाच अर्धा भाग आहे बरं का, आतली हवा आणि बाहेरचा कोन (स्पीकरचा पुढं-मागं हलणारा कागद) हे दोघं मिळून वाजतात, म्हणून पेटी चुकली तर भारीतला भारी स्पीकर पण चुकतोच.

मापाचा घोळ

सुताराकडं जाऊन लोक सांगतात, काका, दोन फूट उंच आणि दीड फूट रुंद पेटी करून द्या. का, तर शेजारच्या गावातल्या डीजेवाल्याकडं तेवढी आहे म्हणून. अहो त्याचा स्पीकर वेगळा, तुमचा वेगळा. कोणत्या स्पीकरला आत किती हवा लागते हे काढायला तीन आकडे पाहिजेत, एफएस (स्पीकर स्वतः ज्या सुराला घुमतो तो), क्यूटीएस (ते घुमणं किती आवरलं जातं ते) आणि व्हीएएस (कोनाच्या लवचिकपणाएवढी हवा, लिटरमध्ये). चांगल्या कंपनीच्या स्पीकरसोबतच्या कागदावर नाहीतर कंपनीच्या साईटवर ते असतात. हे गणित १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी मांडलं आणि पुढं सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते वाढवलं, म्हणून या आकड्यांना आजही थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. हातानं करायचं नसेल तर विनआयएसडी नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, आकडे टाकले की बॉक्स किती लिटरचा पाहिजे ते दाखवतो. दुकानात स्पीकर घेतानाच हे आकडे मागा, आकडेच नसलेला स्पीकर स्वस्त मिळाला तरी त्याचा बॉक्स अंदाजानंच करावा लागतो.

आकडे मिळाले तरी पुढची गडबड असते बाहेरून मोजायची. समजा बॉक्स बाहेरून ४० बाय ४० बाय ६० सेंटिमीटर आहे, गुणाकार केला तर ९६ लिटर होतात. पण १८ एमएमची प्लाय दोन्ही बाजूंनी मिळून ३.६ सेंटिमीटर खाते, आत राहतात ३६.४ बाय ३६.४ बाय ५६.४, म्हणजे पावणेपंच्याहत्तर लिटरच्या आसपास. एकवीस लिटर नुसते लाकडात गेले, आणि त्यातून परत मॅग्नेट, पाईप आणि आतल्या पट्ट्यांची जागा वजा करायची राहिलीच आहे. सुताराला नेहमी आतलं माप सांगा आणि कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं तो त्याच्या सवयीनं बाहेरूनच धरतो.

भोक पाडलं म्हणजे बास येत नाही

ही चूक तर गावोगाव दिसते. बॉक्सच्या खालच्या बाजूला एक गोल भोक पाडायचं आणि म्हणायचं बास पोर्ट झाला. ते भोक आणि आतली हवा मिळून एकाच सुराला घुमतात, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की कसा एकच सूर निघतो तसं. तो सूर कुठं बसवायचा हे भोकाच्या व्यासावर आणि पाईपच्या लांबीवर ठरतं.

हिशोब असा. पाईपचा आतला व्यास सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, २३५६२.५ नं गुणा, मग पाहिजे त्या सुराच्या हर्ट्झचा (सेकंदाला किती कंपनं त्या आकड्याचा) वर्ग गुणिले बॉक्सचे लिटर यानं भागा, आणि जे येईल त्यातून व्यासाच्या ०.७३२ पट वजा करा, आली पाईपची लांबी. आता ६० लिटरचा बॉक्स आहे, पाईप आतून १० सेंटिमीटरचा आहे आणि ४० हर्ट्झला बसवायचंय, तर उत्तर १७.२ सेंटिमीटर येतं. याच बॉक्सला पाईप न लावता नुसतं १० सेंटिमीटरचं भोक ठेवलं तर पोर्टची लांबी फळीच्या जाडीएवढी १.८ सेंटिमीटरच राहते आणि सूर जाऊन बसतो ६५ हर्ट्झच्या वर. मग कुठलंही गाणं लावा, एकच ढम ढम, खालचा बास गायब, आणि माणूस म्हणतो स्पीकरमधी दम नाही. स्पीकरमधी दम होता, भोकानं खाल्ला.

पाईप प्लंबिंगच्या दुकानातला पीव्हीसीचा चालतो, फक्त आतला व्यास मोजून घ्या कारण त्याच्यावर लिहिलेलं ११० एमएम हे बाहेरचं असतं. पाईपचं आतलं टोक मागच्या फळीपासून निदान पाईपच्या व्यासाएवढं लांब राहू द्या, चिकटवून ठेवलं तर हवा कोंडते.

आणखी एक गोष्ट, पोर्ट ज्या सुराला बसवलाय त्याच्या खाली गेलं की कोनाला आतून हवेचा आधारच राहत नाही, तो मोकळा सुटून पुढं-मागं नाचतो. म्हणून वरातीत पोरं बास बूस्ट फुल्ल करतात तेव्हा आवाज वाढत नाही पण स्पायडर (कोनाला मागून धरून ठेवणारी कापडी चकती) फाटतो. मशीनला लो कट (खालचा आवाज कापणारं बटण) असेल तर तो पोर्टच्या सुराच्या थोडं खाली लावून ठेवा.

लीक शोधायला उदबत्ती

जोड दिसायला घट्ट असला तरी हवेला केसाएवढी फट पुरते. मी परवा एका बॉक्सला ४० हर्ट्झचा सूर बारीक आवाजात लावला आणि पेटलेली उदबत्ती जोडावरून हळूहळू फिरवली. तिन्ही बाजूंना धूर सरळ वर जात होता, मागच्या, वायर जोडायच्या टर्मिनल प्लेटपाशी आला आणि थरथरायला लागला, एकदा आत ओढल्यासारखा, एकदा बाहेर फेकल्यासारखा. प्लेटच्या खाली रबर घातलंच नव्हतं, चार स्क्रूवर नुसती ठोकलेली. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून खाली घातली आणि धूर शांत झाला. हे करताना रंग आणि थिनर पूर्ण वाळलेलं असू द्या, ओल्या थिनरपाशी विस्तव नेऊ नका.

बंद पेटी असेल, म्हणजे पोर्ट नसलेली, तर अजून सोपं आहे. कोन दोन्ही हातांनी सारखा दाबून सोडा, हळूच वर आला तर पेटी घट्ट, फटकन आला तर कुठंतरी हवा जातीय.

जोडावर नुसते खिळे मारून चालत नाही, फेविकॉल आणि स्क्रू दोन्ही पाहिजेत आणि एक अख्खा दिवस वाळायला द्यायचा. आतल्या कोपऱ्यात फेविकॉलमध्ये लाकडाचा भुसा कालवून बोटानं लिंपून घ्या, लई पक्कं बसतं. आंबट वास येणारं सिलिकॉन वापरलं तर तो वास पूर्ण जाईपर्यंत स्पीकर आत बसवू नका, ती वाफ धातूला गंज आणते.

लाकूड

पार्टिकल बोर्ड नको, स्क्रू एकदा काढला की परत धरत नाही आणि पावसाळ्यात फुगतो. आपल्याकडं मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री आणि दोन महिन्यांनी ओल, या दोन्हीत टिकणारी प्लाय पाहिजे. बाहेर नेणार असाल तर आयएस ७१० (आयएस म्हणजे भारतीय मानकाचा नंबर) ची मरीन प्लाय घ्या, घरात ठेवायचं असेल तर आयएस ३०३ ची चालते. मोठ्या फळीवर बोटाच्या पेरानं ठोकून बघा, ढोलासारखी वाजली तर आतून आडवी पट्टी मारा.

वायरिंग

आता सुरुवातीला सांगितलेली गोष्ट. दोन बॉक्सपैकी एकाची वायर उलटी झाली की एकाचा कोन पुढं येतो तेव्हा दुसऱ्याचा मागं जातो आणि बास एकमेकात मरतो. एकाच पेटीत दोन वूफर असतील तर अजूनच वाईट. तपासायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, प्लस लाल टर्मिनलला आणि मायनस काळ्याला क्षणभर टेकवा, कोन बाहेर आला पाहिजे. ट्विटरवर (बारीक, वरच्या आवाजाच्या छोट्या स्पीकरवर) हे करू नका. टर्मिनलवरच्या रंगावर विश्वास ठेवू नका, लोकल स्पीकरात रंग उलटे लागलेले मी स्वतः पाहिलेत, एकेक स्पीकर सेल लावूनच बघा.

दुसरं ओहमचं, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं. आठ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) लावले की चार होतात, चार लावले की दोन, आणि मशीनच्या मागं कमीत कमी चार ओहम लिहिलेलं असतं. बॉक्समधून बॉक्समध्ये वायर नेली की ते पॅरललच असतं हे कुणाच्या लक्षातच येत नाही, जयंतीच्या मिरवणुकीत अजून दोन बॉक्स जोडले जातात आणि मशीन तापून बंद पडतं. चार स्पीकर लावायचे असतील तर दोन-दोन सिरीज (एकाचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला) करून त्या दोन जोड्या पॅरलल करा, परत आठ ओहम येतात. मीटरवर आठ ओहमचा स्पीकर सहाच्या आसपास दाखवतो, तो खराब नसतो, मीटर फक्त कॉइलचा, म्हणजे कोन हलवणाऱ्या आतल्या तारेच्या गुंडाळीचा, डीसी रेझिस्टन्स मोजतं.

वायर बारीक वापरू नका. ०.७५ चौरस एमएमची वायर वीस मीटर लांब नेली तर जाऊन-येऊन एक ओहमच्या आसपास वायरच खाते, चार ओहमच्या बॉक्सला मग चौसष्ट टक्केच पॉवर पोचते. तिथं २.५ चौरस एमएमची टाका, नुकसान पाव-एक ओहमवर येतं.

ट्विटरला कंडेन्सर न लावता सरळ जोडणं म्हणजे तो जाळायलाच ठेवणं. आठ ओहमच्या ट्विटरला ४.७ एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) कंडेन्सर लावला तर साधारण ४२०० हर्ट्झच्या वरचाच आवाज जातो, २.२ चा लावला तर ९००० च्या वरचा. कंडेन्सर नॉन-पोलर, म्हणजे प्लस-मायनस नसलेला, पाहिजे. तो मिळाला नाही तर दहा-दहा एमएफडीचे दोन साधे मायनसला मायनस जोडून सिरीज करा, पाचचा नॉन-पोलर होतो.

आणि हे मी हात जोडून सांगतो, स्पीकरच्या वायरीला घरातल्या लाईटचा टू-पिन प्लग लावू नका. मंडपात अंधारात कुणीतरी तो बोर्डात खुपसतो. २३० व्होल्ट आठ ओहमवर म्हणजे साडेसहा हजार वॅट, कॉइल तिथंच जळून जाते, पेटी पेटू पण शकते. आणि वायरीच्या दोन्ही टोकांना प्लग असला, एक बोर्डात असताना कुणी दुसऱ्याच्या उघड्या पिनांना हात लावला तर जीवच जाईल. स्पीकॉन हा स्पीकरच्या वायरीसाठीचाच कनेक्टर लावा, तो लाईटच्या बोर्डात बसतच नाही.

बसवताना आणि नंतरची खरखर

सगळं कापणं, घासणं, रंगवणं झाल्यावर बॉक्स झाडून पुसून मगच स्पीकर खोलीत आणा, जाळी कापताना उडालेला लोखंडी कीस मॅग्नेटच्या फटीत गेला की निघत नाही. स्क्रू आवळताना एक हात नेहमी कोनावर आडवा धरा, मॅग्नेट स्क्रूड्रायव्हर ओढतो, तो निसटला की थेट कागदात घुसतो. माझा एक नवा कोरा पंधरा इंची असाच फाटला होता, बसवून पाच मिनिटं पण झाली नव्हती. आणि स्क्रू एका बाजूनं पूर्ण घट्ट करत जाऊ नका, गाडीच्या चाकासारखे समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, नाहीतर फ्रेम वाकते.

नंतर आवाज खरखरायलाय असं वाटलं तर आधी बॉक्सच्या आत बघा. लोंबकळणारी वायर कोनाला मागून घासत असते, सैल नट असतो, भरलेली रुई पोर्टमध्ये येऊन अडकलेली असते. ते सगळं नीट असेल तर मशीन बंद करून कोन दोन्ही हातांनी सारखा आत दाबा आणि कान जवळ न्या. कचकच घासल्याचा आवाज आला तर स्क्रू जरा सैल करून परत दाबून बघा, थांबला तर फ्रेमच वाकली होती. नाही थांबला आणि जळका वास येत असेल तर कॉइल गेली. कॉइल बदलायला देण्याआधी त्या मशीनवर एकूण किती ओहम लोड होता याचा हिशोब करून ठेवा, तो दोन ओहम निघाला तर नवी कॉइल बसवण्याआधी जोडणी बदला.