‘विज्ञान’ म्हणताना या चुका टाळा

पहिली चूक शब्दातच होते. नारळीपौर्णिमेला दर्याला नारळ देताना आजी म्हणते, ‘शास्त्र असतं ते.’ शेजारी उभा नातू अकरावी सायन्सला. आजीचं शास्त्र म्हणजे रीत. शास्त्रीय संगीतातलं शास्त्र म्हणजे नियमांत बसवलेली परंपरा. रसायनशास्त्रातलं शास्त्र म्हणजे कुणालाही पडताळून पाहता येईल असं ज्ञान. गीतेच्या सातव्या अध्यायातलं ‘विज्ञान’ तर अनुभवाला आलेलं ज्ञान. वाद घालण्याआधी समोरचा कुठल्या अर्थानं बोलतोय ते विचारून घ्या. नावात ‘शास्त्र’ आहे, एवढ्यावर काही सिद्ध होत नाही.

‘ट्रॉलरवर जीपीएस आलं, विज्ञान पुढे गेलं’ हेही रोज ऐकू येतं. ते तंत्रज्ञान.

विज्ञान फक्त प्रयोगशाळेत असतं, हा गैरसमज मला जास्त खुपतो. जेटीवर जाळं विणत बसलेल्या काकांना पूर्ण भरतीची वेळ विचारा. ते बोटांवर मोजून सांगतील: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास. पिढ्यान्‌पिढ्या समुद्राकडे डोळे लावून बसल्याशिवाय हे हाती लागत नाही. पण ‘पूर्वजांना सगळं विज्ञान ठाऊक होतं’ म्हणत तिथेच थांबणं ही उलटी चूक. भरती तिथीमागे सरासरी 48 मिनिटं सरकते, सूत्र 45 धरतं. शिवाय बंदर बदललं की वेळ बदलते. भरतीची वेळ का सरकते, हे न्यूटननं 1687 मध्ये गुरुत्वाकर्षणानं उलगडलं. मुलांच्या हाती वही द्या, पंधरा दिवस वेळा टिपू द्या आणि काकांच्या हिशेबाशी ताडून पाहू द्या.

आणखी एक चूक आपल्या अभिमानातून होते. ‘लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं विजयदुर्गावरून हेलियम शोधला’ असं आपण पाहुण्यांना सांगतो. खरं तर 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणात जानसेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं सूर्याचा वर्णपट (प्रकाशातल्या रंगांचा पट्टा) तपासला तो आंध्रातल्या गुंटूरहून. लॉकियरनं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडमधून आणि ग्रहणाशिवाय सूर्यज्वाळांचा वर्णपट पाहिला; त्यातल्या पिवळ्या रेषेवरून पुढे नव्या मूलद्रव्याचा तर्क निघाला. पृथ्वीवर हेलियम सापडला 1895 मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅमसेला. लॉकियर विजयदुर्गला आला तो 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. किल्ल्यावर त्याच्या दुर्बिणींसाठी बांधलेल्या ‘साहेबाच्या ओट्यां’पाशी उभं राहून हीच हकीकत सांगा. साता समुद्रापलीकडून दुर्बिणी घेऊन लोक आपल्या किल्ल्यावर आले, ही गोष्टही लहान नाही.