वर्ध्याकडून कोलकात्याला जाताय? मग हे ऐका

हावड्याला उतरलात की टॅक्सीवाल्यांच्या घोळक्यात शिरू नका. स्टेशनासमोरच घाट आहे, तिथून लाँच पकडा. थोड्याच वेळात हुगळीपलीकडे बाबूघाट, आणि जाता जाता 1943 सालचा हावडा पूल आयताच दिसतो. घाई असेल तर 2024 पासून नदीखालून मेट्रोही जाते. पण आपण कोरडवाहू गावची माणसं. एवढं पाणी न बघता खालून कशाला जायचं?

तिथं सूर्य आपल्यापेक्षा सुमारे 40 मिनिटं आधी बुडतो. डिसेंबरात पाच वाजताच दिवेलागण! व्हिक्टोरिया मेमोरियल वगैरे सकाळीच उरका.

जेवण मोहरीच्या तेलातलं. तर्री पचवणाऱ्याला ते फिकंच लागेल, पण वास पहिल्या घासालाच नाकात चढतो. शाकाहारी असाल तर आधी विचारा. कोबीच्या भाजीतही माशाचं डोकं निघू शकतं. झालमुडी मात्र बिनधास्त खा. मुरमुरे, कांदा, मिरची, खोबऱ्याचे काप, वरून कच्च्या तेलाची धार, आणि सगळं डब्यात खडखडा हलवून कागदाच्या पुडीत.

चहा मातीच्या भांड्यात, जेमतेम दोन घोट. आपला टपरीवरचा कटसुद्धा त्याहून मोठा. सरळ दोन सांगा.