उग्र वासाचा पाला वाळवण्यासाठी घरगुती पेटी

पुदिना, तुळस, गवती चहा यांची एखादी जुडी दोरीला टांगली तर कुणाची तक्रार नसते. पण लसणाच्या चकत्या किंवा दोन किलो ओला पाला एकदम वाळत घाला, तिसऱ्या दिवशी घरातले उशा उचलून दुसऱ्या खोलीत जातात. मीही पेटी केली ती याच कारणासाठी, आणि पहिली साफ फसली. पंखा खाली लावला होता, तो हवा आत ढकलायचा. आतला दाब वाढला आणि दाराच्या फटीतून, सांध्यांतून, जिथे वाट मिळेल तिथून वास बाहेर. वास शोषून घ्यायला वरच्या झरोक्यात कोळसा भरला होता, पण वास त्या वाटेने जातच नव्हता.

म्हणून पंखा वर बसवा आणि तो हवा बाहेर खेचेल असा. मग फटी राहिल्या तरी त्यांतून बाहेरची हवा आत येते, आतली बाहेर पडत नाही.

पेटी आतून ४५ × ४५ सेंमी आणि ९० सेंमी उंच धरा. १२ मिमी प्लायवूड पुरतं. जमल्यास ते आठवडाभर उघड्यावर ठेवा, कारण नव्या प्लायला स्वतःचाच वास असतो आणि पाला तो पटकन धरतो. आतून रंग किंवा व्हार्निश नकोच. सांध्यांना सिलिकॉन भरलं तर ते पूर्ण सुकून त्याचा आंबूस वास गेल्यावरच पुढचं काम. दाराच्या चौकटीला फोमची पट्टी चिकटवा आणि कडी अशी लावा की दार दाबून बसेल.

पंखा संगणकातला, १२० मिमीचा, १२ व्होल्टचा. छताला तेवढं भोक पाडून बसवा. अ‍ॅडॉप्टर पेटीच्या बाहेर ठेवा. आत बल्ब लावून ऊब देण्याचा मोह आवरा: सुका पाला आणि तापलेला बल्ब एका पेटीत नकोत, शिवाय सुगंधी पाल्याला ३५-४० अंशांपलीकडची ऊब मानवत नाही, ज्या तेलांसाठी आपण तो वाळवतो ती उडून जातात. हवा येण्यासाठी तळाजवळ ५ सेंमी व्यासाची सहा भोकं पाडा. त्यांचं क्षेत्रफळ पंख्याच्या भोकाएवढं होतं. आतून जाळी लावा, म्हणजे किडे येत नाहीत.

आता कोळसा. शेगडीतला चालत नाही, अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचे दाणेच हवेत. त्यांत इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग ५०० चौरस मीटरच्या वर भरतो, आणि वासाचे रेणू त्यावर चिकटून राहतात. दाणे चाळून भुकटी काढा, नाहीतर ती पाल्यावर बसेल. पंख्याच्या खाली १० सेंमी अंतर सोडून पेटीच्या पूर्ण रुंदीचा जाळीचा ट्रे बसवा, खाली पातळ सुती कापड घाला आणि अडीच सेंमी जाडीचा थर पसरा. साधारण अडीच किलो लागतो. जास्त जाड थर म्हणजे जास्त चांगलं, असं वाटतं खरं, पण या पंख्यात तेवढा जोर नसतो, हवाच थांबते. ट्रेच्या कडा मात्र चारही बाजूंनी फोमने बंद करा. हवा आळशी असते, कडेने फट मिळाली की कोळशातून कशाला जाईल?

पाल्यासाठी लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर नायलॉनची जाळी ताणून तीन ट्रे करा, १५ सेंमी अंतराने.

पाला घालण्याआधी एक चाचणी. पंखा चालू करा आणि पेटलेली उदबत्ती दाराच्या फटीवरून हळूहळू फिरवा. धूर आत ओढला गेला पाहिजे. कुठे बाहेर ढकलला गेला तर पंखा उलटा बसलाय.

पाला धुतला असेल तर कापडावर निथळू द्या. एकच थर पसरा, पानांवर पान नको. पेटीत अंधार असतो, म्हणून रंग हिरवा टिकतो. आतला आर्द्रतामापक ५०-५५ टक्क्यांच्या आसपास असला की उत्तम. ७० च्या वर राहिला तर दोन गोष्टी बिघडतात: बुरशीला आमंत्रण मिळतं, आणि कोळशाच्या छिद्रांत वासाऐवजी पाणी भरतं. त्यामुळे पावसाळी हवेत ट्रे अर्धेच भरा. रोज एकदा पाला हलवा आणि ट्रे वर-खाली करा, खालचा नेहमी आधी वाळतो.

पान बोटांत चुरचुरलं म्हणजे झालं असं समजू नका. देठ मोडून पाहा. वाकला तर अजून थांबा, कट्कन तुटला तर काढा. पुदिन्यासारख्या पाल्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, तेव्हा अर्धा किलोचा शंभरेक ग्रॅम उरला की फार चुकलेलं नाही. काचेच्या बरणीत भरून आठवडाभर रोज हलवत राहा. काचेला आतून दव दिसलं की सगळं परत पेटीत.

कोळशाला तारखेचं बंधन नसतं. पंख्याच्या तोंडाशी नाक नेल्यावर लसूण ओळखू आला, की तो बदलायचा.