टांझानिया: पाऊस आणि वारे पाहून आखायचा प्रवास

टांझानियाला जाऊ इच्छिणारे बहुतेक प्रवासी आधी सुट्टीच्या तारखा ठरवतात आणि त्या तारखांना काय पाहायला मिळेल याची चौकशी नंतर करतात. माझ्या मते हा क्रम उलटा असावा, कारण सेरेंगेटी या राष्ट्रीय उद्यानातील प्राण्यांच्या कळपांची वाटचाल आणि झांझिबार बेटावरील स्टोन टाउन हे जुने शहर, या दोन्हींचा जीव हिंदी महासागरावरच्या हंगामी वाऱ्यांत आहे. साधारण डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून वाहणाऱ्या वाऱ्याला स्वाहिलीत ‘कास्काझी’ म्हणतात आणि एप्रिलनंतर दक्षिणेकडून वाहणाऱ्या वाऱ्याला ‘कुसी’. वारा पालटण्याच्या सुमारास पाऊस येतो: नोव्हेंबर-डिसेंबरचा लहान पाऊस तो ‘वुली’ आणि मार्च ते मे या काळातला मोठा पाऊस तो ‘मासिका’. हे चार शब्द लक्षात ठेवले की प्रवासाचा महिना ठरवणे सोपे जाते.

विल्डबीस्ट या गवत खाणाऱ्या, हरणांच्या कुळातल्या मोठ्या प्राण्यांचे लाखोंचे कळप वर्षभर पावसाच्या मागे फिरत असतात. त्यामुळे ‘सेरेंगेटीला कधी जावे’ असे न विचारता ‘त्या महिन्यात सेरेंगेटीच्या कोणत्या भागात राहावे’ असे विचारावे. 14,763 चौरस किलोमीटरच्या या उद्यानात मुक्काम चुकीच्या टोकाला पडला, तर अर्धा दिवस गाडीतच जातो. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत कळप दक्षिणेकडच्या न्दुतू परिसरात असतात. तिथल्या मैदानावर ज्वालामुखीच्या राखेची माती आहे. त्या मातीतल्या आखूड गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर असल्याने व्यालेल्या माद्यांना ते मानवते, आणि राखेखालच्या कठीण थरात मुळे शिरत नसल्यामुळे झाडे वाढत नाहीत, म्हणून नजर दूरवर पोहोचते. बहुतेक पिल्ले दोन-तीन आठवड्यांच्या अवधीत जन्मतात आणि काही मिनिटांतच पायांवर उभी राहतात. माझे मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने हाच काळ निवडावा.

जुलैच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत कळप उत्तरेला मारा नदीच्या आसपास असतात. नदी ओलांडणारे कळप पाहण्यासाठी अनेक जण एकच रात्र राखून ठेवतात. ती पुरत नाही. निदान तीन रात्री कोगातेंदे परिसरात काढाव्यात. मी गेलो तेव्हा पहिल्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत कळप काठाशी येत राहिला आणि प्रत्येक वेळी मागे फिरला. दुसऱ्या दिवशी तोच काठ अर्ध्या तासात रिकामा झाला. आघाडीचे प्राणी पाण्यात उतरेपर्यंत गाडी काठापासून दूर ठेवायची असते. काठाजवळ उभ्या गाड्यांमुळे कळप बिचकतो आणि जिथे उतार जास्त कठीण आहे तिथून उडी घेतो. चालकाला ‘आणखी पुढे घ्या’ असा आग्रह करू नये आणि तो स्वतःहून पुढे जात असेल, तर त्याला शांतपणे थांबवावे. त्या काठावर काही मिनिटांची उत्सुकता प्राण्याच्या जिवावर बेतू शकते, हे मी मनापासून सांगतो.

एप्रिल आणि मे हे मोठ्या पावसाचे महिने असल्याने वाटा चिखलाच्या होतात आणि काही मुक्कामाच्या छावण्या बंद असतात. घाई असेल तर हे महिने टाळावेत.

एन्गोरोन्गोरो विवरासाठी वेगळा दिवस ठेवावा. मोठा ज्वालामुखी आत कोसळून तयार झालेल्या या विवराचा तळ सुमारे 260 चौरस किलोमीटरचा असून कडे साधारण 600 मीटर उंच आहेत. कड्यावरची सकाळ विलक्षण थंड असते, म्हणून जाड स्वेटर वरच्या पिशवीतच असावा. विवराचे प्रवेशद्वार उघडताच खाली उतरावे, कारण सकाळच्या पहिल्या दोन-तीन तासांत काळा गेंडा मोकळ्यावर दिसण्याची शक्यता अधिक असते. जिराफ इथे शोधू नये. उतार फार तीव्र असल्याने ते तळाशी उतरत नाहीत. जेवण गाडीत बसूनच करावे, बाहेर उभे राहिल्यास घारी हातातला घास अचूक उचलून नेतात.

सामानाविषयी थोडक्यात सांगतो. लहान विमानांत साधारण 15 किलोची मर्यादा असते आणि मऊ पिशवीच चालते. चावणाऱ्या त्सेत्से माश्या गडद निळ्या व काळ्या रंगाकडे ओढल्या जातात, म्हणून कपडे मातकट किंवा फिकट हिरव्या रंगाचे असावेत. दुर्बीण प्रत्येकाची स्वतंत्र असावी, कारण बिबट्या फांदीवरून उतरत असताना दुर्बीण मागून घ्यायला वेळ नसतो. प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2019 पासून देशभर बंदी आहे. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी निघण्याच्या काही आठवडे आधी बोलावे.

सफारी आधी आणि स्टोन टाउन नंतर, असा क्रम मी सुचवतो. अनेक दिवस गाडीत बसून काढल्यावर ज्या गल्ल्यांत गाडी शिरतच नाही तिथे पायी फिरण्याचा आनंद वेगळा असतो, आणि जंगलात लागलेली थांबून पाहण्याची सवय इथे फार उपयोगी पडते. निदान दोन पूर्ण दिवस द्यावेत. पहिल्या दिवशी नकाशा न उघडता चालावे. गल्ल्या वाकड्या असल्या तरी शहर लहान आहे आणि कुठूनही समुद्र लांब नाही. घरांच्या भिंती प्रवाळाच्या दगडाच्या व चुन्याच्या आहेत आणि छताला खारफुटीचे वासे आहेत. वाशांची लांबी बेताची असल्यामुळे खोल्या अरुंद आणि लांबट झाल्या, हे एखाद्या जुन्या वाड्यात राहिल्यास चटकन लक्षात येते. दारे सावकाश पाहावीत. चौकोनी खणांची, घडी घालून उघडणारी दारे गुजराती व्यापाऱ्यांच्या वळणाची आहेत, तर चौकटीवर अरबी अक्षरे कोरलेली दारे ओमानी वळणाची. घराबाहेरच्या दगडी ओट्याला ‘बाराझा’ म्हणतात. तिथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’ म्हणून वंदन करावे, ‘मराहाबा’ असे उत्तर मिळते आणि पुष्कळदा गप्पाही सुरू होतात. खांदे व गुडघे झाकलेले असावेत आणि विचारल्याशिवाय कोणाचे छायाचित्र घेऊ नये. वेळ ठरवताना मात्र सावध राहावे: स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे ‘सा मोजा’, म्हणजे शब्दशः एक वाजता, याचा अर्थ सकाळचे सात असतो.

सुलतान बरघशने 1883 मध्ये बांधलेल्या बेत अल-अजाएब या वाड्याचा काही भाग डिसेंबर 2020 मध्ये कोसळला, म्हणून तो बाहेरूनच पाहता येईल असे धरून चालावे. शेजारचा ओमानी किल्ला आणि सायंकाळी फोरोधानी बाग यांना एक तिसरा प्रहर पुरतो.

जुन्या गुलामांच्या बाजाराची जागा दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हे चढण्याआधी पाहावी आणि त्यानंतरचे दोन तास मोकळे ठेवावेत. 1873 मध्ये बाजार बंद झाल्यावर तिथे अँग्लिकन चर्च उभे राहिले. आवारातल्या खड्ड्यात गळ्यात साखळ्या असलेल्या पाच माणसांचे शिल्प आहे. त्याच्या कडेला उभे राहून हसरी छायाचित्रे काढणारे लोक मी पाहिले आहेत आणि ते पाहून फार वाईट वाटले. मुख्य भूमीच्या अंतर्भागातून चालवत आणलेली माणसे इथे विकली जात आणि उत्तरेकडे निघणारी शिडाची जहाजे त्यांना घेऊन कुसी वाऱ्याची वाट पाहत बंदरात थांबत. तिथून निघाल्यावर बंदराकडे चालत जावे; शिडाच्या नावा आजही त्याच पाण्यात उभ्या असतात.