शब्बाथची तयारी : या चुका टाळा

नोकरीसाठी नाशिकला आलेली आपली ज्यू तरुण मंडळी शब्बाथ पाळायला लागली की मला बरं वाटतं. शब्बाथ म्हणजे आपला विश्रांतीचा दिवस, शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारी रात्र पडेपर्यंत. शुक्रवारी शब्बाथचा दिवा लावला की स्वयंपाक, विजेची बटणं, फोन, सगळं बंद. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचे फोन येतात तेव्हा मात्र तेवढं बरं वाटत नाही. "काकू, साडेपाच झाले, भाजी अजून व्हायचीय, काय करू?" काही करू नका. गॅस बंद करा आणि दिवा लावा.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा होतो. दिवा सूर्यास्ताला लावायचा नसतो, त्याच्या 18 मिनिटं आधी लावायचा असतो. त्यातून बहुतेकांच्या भिंतीवर मुंबईच्या वेळांचं कॅलेंडर. नाशिक मुंबईच्या पूर्वेला आहे, त्यामुळे सूर्य इथे आधी मावळतो. हिवाळ्यात हा फरक पाचेक मिनिटांचा असतो. नोव्हेंबरअखेर तर दिव्याची वेळ पाच पस्तीसच्या सुमाराला येते. जूनमध्ये सातपर्यंत सवड मिळते, तीच सवय अंगवळणी पडते आणि थंडीत फजिती होते.

माझ्या जावेच्या सुनेचं असंच झालं. मुलगी हुशार, पण "सगळं अर्ध्या तासात होतं" या पंथातली. डिसेंबरात आम्हाला गंगापूर रोडच्या नव्या घरी जेवायला बोलावलं होतं. ऑफिसातून आली पाचला. माशाला हळद-मीठ लावलं, नारळ खवला, मिक्सर सुरू केला आणि लाईट गेली. पाटा-वरवंटा घरात नाही. लाईट आली तोवर दिव्याची वेळ झालेली. भात कुकरमध्ये अर्धा कच्चा, वाटण भांड्यात जाडंभरडं, मासा ताटात तसाच. नवरा हळूच म्हणाला, "गॅस नुसता मंद ठेवला तर?" मी त्याच्याकडे फक्त बघितलं. सकाळच्या चपात्या होत्या म्हणून हमोत्सी, म्हणजे भाकरीवरची प्रार्थना, तरी झाली. मग चपाती, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं आणि केळी. पोरगी रडवेली झाली होती, पण तिच्या सासूने चटणी दोनदा मागून घेतली.

माझा शिरस्ता सांगते. भाजी बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातून. नारळ खवणं, वाटण, लसूण सोलणं गुरुवारी रात्री. शुक्रवारी तीनला ओटा पुसलेला असतो. रात्रीचं कालवण-भात गरमागरम कॅसरोलमध्ये. शुक्रवारपासूनच चालू ठेवलेल्या हॉटप्लेटच्या भानगडीत मी पडत नाही, कारण फ्रीजमधलं गार कालवण शब्बाथला तिच्यावर ठेवून तापवायचं नसतं हे लोक हमखास विसरतात. शनिवारी आमच्याकडे तळलेला मासा, बटाट्याची भाजी आणि चपात्या, सगळं गारच. उन्हाळ्यात नारळाचं कालवण रात्रभर बाहेर ठेवू नका, सकाळी आंबलेलं मिळेल.

दुसरी चूक खास आपल्या थंडीतली. पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल आणि वात, हा आपला जुना दिवा. पण खोबरेल चोवीसेक अंशांखाली गोठायला लागतं. नाशिकात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्याही खाली उतरतो. बाटलीतून तेलाचा थेंब पडत नाही, मग मंडळी चमच्याने गोळा काढून पेल्यात टाकतात. वात धड भिजत नाही, दिवा घटकाभर मिणमिणतो आणि जातो. आणि एकदा लावल्यावर त्यात तेल घालायचं नाही की काढायचं नाही. मी शुक्रवारी दुपारी बाटली गच्चीवर उन्हात ठेवते आणि थोडं तिळाचं तेल मिसळते. तेवढं करायचाही कंटाळा असेल तर सरळ मेणबत्त्या लावा.

किद्दुशचं, म्हणजे शब्बाथच्या जेवणाआधी पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेचं, सरबत काळ्या मनुकांचंच करा. द्राक्षांच्या गावात राहून बाटलीतलं रंगीत सरबत आणणाऱ्यांना काय म्हणावं! हिरव्या बेदाण्यांना पोटॅशचं पाणी, पुष्कळदा गंधकाची धुरी दिलेली असते, आणि सरबत फिक्कट होतं. काळ्या मनुका गुरुवारी रात्री धुऊन भिजत घालायच्या, सकाळी त्याच पाण्यात उकळून, कुस्करून गाळायच्या. संध्याकाळी पाचला उकळायला घेतलंत तर किद्दुशच्या वेळी जीभ भाजेल.

मासेवाला "काटा नाही" म्हणून बासाचे तुकडे गळ्यात मारतो. त्याला खवले नसतात, आपल्याला तो चालत नाही. सोललेला तुकडा घेऊच नका.

रक्त निघून जावं म्हणून कोंबडी अर्धा तास भिजवून, तासभर मिठात ठेवून तीनदा धुतलीत ना? मग रश्शात नेहमीइतकं मीठ कशाला?

फ्रीजचा दिवा दार उघडलं की लागतो, तो आधीच काढून ठेवा. गीझर बंद. पाण्याच्या फिल्टरची मोटर पाणी काढलं की सुरू होते, म्हणून प्यायचं पाणी शुक्रवारीच हंड्यात भरा. वापरायचं पाणीही भरून ठेवा. दुरुस्तीसाठी शहराचं पाणी पुष्कळदा नेमकं शनिवारीच बंद असतं, आणि टँकरवाल्याला तुम्हाला फोन करता येणार नाही.