भूल देताना मास्क गळतोय? आधी या चुका टाळा

भूल देताना रुग्णाच्या नाकातोंडावर धरलेल्या मास्कच्या कडेतून गॅस सुटायला लागला की नवा रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) एकच गोष्ट करतो: मास्क आणखी जोरात दाबतो. इतकी वर्षं हेच पाहतेय. मास्क चेहऱ्यावर दाबायचा नसतो, जबडा वर उचलून मास्कमध्ये आणायचा असतो. नुसतं दाबलं की जबडा मागे सरकतो, जीभ घशावर पडते आणि गळती राहते ती राहतेच, वर श्वासमार्गही बंद होतो.

एका आजोबांची केस अजून डोळ्यांसमोर आहे. तोंडाचं बोळकं, गाल आत गेलेले, कवळी वॉर्डातच काढून ठेवलेली. ज्युनिअरने चार नंबरचा मास्क लावला, गळला. पाच नंबरचा घेतला, तो जास्तच गळला. मग त्याने सिरिंजने कुशनमध्ये, म्हणजे मास्कच्या फुगवता येणाऱ्या कडेत, हवा भरली, इतकी की कड चेंडूसारखी टणक झाली. श्वास देण्यासाठी हाताने दाबायची बॅग भरेना, कॅप्नोग्राफची (बाहेर सोडलेल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राची) रेघ सपाट, सॅच्युरेशन म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण उतरायला लागलेलं.

मी डोक्याशी उभी राहिले. आधी कुशनमधली बरीचशी हवा काढली. ही कड मऊ ठेवलेली असते ती नाकाच्या उंचवट्यापासून गालाच्या खळग्यापर्यंत चेहऱ्याच्या वळणाने बसावी म्हणून. फुगवून टणक केली की ती उंचवट्यांवर टेकते आणि खळग्यांतून गॅस निसटतो. मास्क परत चारच नंबरचा घेतला. त्याची खालची कड खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये बसवली, दोन्ही हातांनी जबडा उचलून धरला आणि बॅग ज्युनिअरला दाबायला सांगितली. पहिल्याच श्वासाला छाती वर आली, मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडचा चौकोनी आलेख उमटला.

तेव्हापासून घट्ट बसणारी कवळी मी मास्क धरलेला असेपर्यंत तोंडातच ठेवायला सांगते आणि श्वासनलिकेत नळी घालण्याआधी स्वतः काढते. दिवसाची ऑपरेशनची लिस्ट सुरू होण्याआधी प्रत्येक मास्कची कड अंगठ्याने दाबून पाहते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण घाईत तेच आधी गाळलं जातं.

बोटं जबड्याच्या हाडावरच हवीत. हनुवटीखालच्या मऊ मांसात रुतली की जीभ वर ढकलली जाते, लहान मुलांत तर लगेच.

मोठा मास्क म्हणजे चांगली पकड, हा समजही सोडा. वरची कड डोळ्यांवर चढते, बुबुळाला इजा होऊ शकते. बाळांमध्ये मास्कखालची रिकामी जागा फार महत्त्वाची, कारण तिथे साठलेली सोडलेली हवाच पुढच्या श्वासात परत आत जाते. 1962 मध्ये रेंडेल-बेकर आणि सूसेक यांनी मुलांच्या चेहऱ्यांचे साचे घेऊन, कुशनशिवायचा उथळ मास्क घडवला, तो ही जागा कमी करण्यासाठीच.

छाती हलत नाही म्हणून बॅग जोरात पिळू नका. दाब 20 सेंटिमीटर पाण्याच्या वर गेला की हवा पोटात शिरू लागते, उलटीचा धोका वाढतो.

काळ्या रबरी मास्कमधून काहीच दिसत नसे. आता पारदर्शक मिळतो, तर त्यातून बघा: ओठांचा रंग, आतून धरणारी वाफ, तोंडात आलेलं पाणी. बऱ्याच जणांची नजर फक्त मॉनिटरवर असते.

आणि हार्नेसचे, म्हणजे मास्क डोक्याला बांधून ठेवणारे, पट्टे. हात मोकळे व्हावेत म्हणून पहिल्या महिन्यातच ते बांधणाऱ्यांना मी थांबवते. गळती कुठून होतेय आणि जबडा कधी सैल पडला, हे आधी तळहाताला कळायला लागू दे, मग पट्टे बांधा.