बॉडीच्या कामात येताय? आधी पत्रा मारायला शिका

आयटीआय करून किंवा न करता गॅरेजला आलेली पोरं पहिल्यांदा वेल्डिंगकडेच धावतात. ठिणग्या उडाल्या की काम केल्यासारखं वाटतं. माझं म्हणणं उलटं आहे. गाडीच्या बॉडीवर संरक्षक पत्रा बसवायचं काम आधी हातात घ्या. कोल्हापुरात उद्यमनगर असो की शिरोली एमआयडीसी, हे काम कायम असतं आणि मोजमाप, ड्रिल, रिबेट (दोन पत्रे जोडायची धातूची खिळ), गंज हे सगळं त्यात एकदम शिकायला मिळतं.

आपल्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे दुधाचा टेम्पो. चाळीस लिटरचा भरलेला कॅन हौद्यात रोज ओढला, आपटला जातो. बाजूचा पत्रा कॅनच्या उंचीला पोचे घेतो, रंग उडतो, त्यावर सांडलेलं दूध आंबतं आणि पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. म्हणून तेवढ्या उंचीपर्यंत ॲल्युमिनियमची चेकर प्लेट, म्हणजे उठावाची नक्षी असलेला पत्रा, मारून घेतात. लोखंडीच का नाही? वजनामुळे. ३ मिमी जाडीचा एक चौरस मीटर लोखंडी पत्रा साडेतेवीस किलोच्या आसपास भरतो, ॲल्युमिनियमचा जेमतेम आठ.

आता मेख इथेच आहे. ॲल्युमिनियम उघड्या लोखंडाला टेकलं आणि मध्ये पाणी गेलं, की दोन धातूंची बॅटरीच तयार होते. त्यात ॲल्युमिनियम झिजतं. जुनी प्लेट उपटून बघा, मागे पांढरी भुकटी दिसेल आणि जिथे रंग खरवडलाय तिथे लोखंडाला तांबूस पापुद्रे. त्यामुळे खालचा गंज पूर्ण घासायचा, प्राइमर मारायचा, तो वाळू द्यायचा आणि मध्ये रबर किंवा फोमची पट्टी घालायची. गिऱ्हाईक म्हणतं, “राहू दे की ओ, आत कोण बघतंय?” त्याच्याशी वाद घालू नका, पण प्राइमर चुकवू नका.

मापासाठी आधी पुठ्ठा कापून बॉडीवर लावून बघा, मग प्लेटला कानस लावा. भोकं पाडण्याआधी टोकदार सेंटर पंचने खूण ठोकायचीच, नाहीतर चेकरच्या उठावावरून बिट घसरतं. ४.८ मिमीच्या रिबेटला बॉडीत ४.९ चं भोक बरोबर बसतं. काठापासून भोक निदान रिबेटच्या दुप्पट जाडीइतकं आत हवं, नाहीतर काठ फाटतो. रिबेटची लांबी अंदाजाने घेऊ नका. प्लेट, पट्टी आणि बॉडीचा पत्रा मिळून जाडी किती ते मोजा आणि डब्यावरची ग्रिप रेंज, म्हणजे तो रिबेट किती जाडी धरतो ते, वाचा. भोक पाडलं की कडेचा बर (धातूची धारदार कोर) काढायचा आणि उघड्या धातूला पुन्हा प्राइमरचा हात द्यायचा. इथेच बहुतेक जण घाई करतात.

लांब प्लेटची गंमत वेगळी आहे. उन्हात ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट वाढतं. दोन मीटरची प्लेट ४० अंशांनी तापली तर दोघांतला फरक मिलिमीटरच्या आसपास जातो. सगळी भोकं घट्ट ठेवलीत तर एप्रिलमध्ये प्लेट पोट काढते. मधलं एक भोक घट्ट ठेवा, बाकीची प्लेटमधली भोकं लांबट करा आणि मोठ्या डोक्याचे रिबेट वापरा. वरची कड सीलंटने बंद करा, खालची मोकळी सोडा, म्हणजे आत गेलेलं पाणी निथळेल. दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती तर कधीच झाकू नका.

ड्रिल करताना गॉगल घाला, हातमोजे नकोत. फिरत्या बिटात मोजा अडकला की बोट जातं. आणि भोक पाडण्याआधी आतून वायरिंग कुठून गेलीय ते हाताने चाचपा.

कळंबा रोडच्या आयटीआयला जाणार असाल तर फिटर दोन वर्षांचा आहे, वेल्डर एकाचा. दोन्हींतला हात इथे कामाला येतो. मी निवडायचं झालं तर फिटरच सांगेन, मोजमापाची सवय लागते.

गिऱ्हाईक प्लेटसोबत गाडीच्या पुढे, बंपरवर लावायचा लोखंडी क्रॅश गार्डही मागतं. ते नाकारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनासारखे बदल करता येत नाहीत आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच सांगितलंय. दंड मालकाला बसतो, पण फोन तुम्हालाच येतो.